प्राणिसंग्रहालयात सर्वांना जागा देणारी भरती: जाहिरातीआधी काय करायचं, रुजू झाल्यावर काय

जाहिरात निघते, दोन बायका प्राणीरक्षक म्हणून रुजू होतात, पेपरात फोटो येतो. वर्षभरानं बघावं तर एक तिकीटखिडकीवर आणि दुसरी कार्यालयात आवक-जावक लिहीत बसलेली. पिंजऱ्यांकडे पुन्हा जुनेच चेहरे. दिव्यांग कोट्यातून आलेल्याचं याहून वेगळं होत नाही. त्याला तर पहिल्याच दिवशी "तुम्ही आपले ऑफिसात बसा" असं प्रेमानं सांगितलं जातं. मग सगळे म्हणायला मोकळे: संधी दिली होती, त्यांना झेपलं नाही.

न झेपण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, क्रम चुकलेला असतो. माणूस आधी येतो आणि त्याला लागणारं शौचालय, मापाचे गमबूट, हलकं दार, कामाची वाटणी हे सगळं 'नंतर बघू'मध्ये जातं. हे नंतर कधीच येत नाही.

हा लेख उद्यान अधीक्षक, क्युरेटर, पशुवैद्यक आणि खासगी बचाव केंद्रं किंवा मत्स्यालयं चालवणाऱ्यांसाठी आहे. संस्था राणीच्या बागेएवढी मोठी असो की गोव्यातल्या बोंडल्यासारखी आटोपशीर, टप्पे तेच राहतात, फक्त माणसं आणि पैसे कमी-जास्त. सरकारी संस्थेत असाल तर अंदाजपत्रकाची मागणी जाण्याआधी पहिले तीन टप्पे उरका. त्यांना पैसे लागतात, आणि मागणीत नसलेलं शौचालय म्हणजे आणखी एक वर्ष.

## टप्पा १: खरं काम कोण करतं ते लिहून काढा

१. हजेरीपट बाजूला ठेवा आणि प्रत्येक विभागात सकाळच्या पहिल्या फेरीपासून संध्याकाळी प्राणी आत घेईपर्यंत माणसांमागे फिरा. कागदावर बिगारी, माळी, सफाई कामगार, प्राणीरक्षक अशी पदं असतात. प्रत्यक्षात बिबट्याचं दार ओढणारा माणूस कागदावर माळी निघतो. सांबरांच्या लेंड्या पाहून "याचं पोट बिघडलंय" असं डॉक्टरांच्या आधी सांगणारी बाई ठेकेदाराकडची झाडूवाली असते, आणि तिचं नाव तुमच्या कुठल्याच यादीत नसतं.

२. प्रत्येक कामासाठी चार रकाने करा: काम कोणतं, वजन किंवा जोर किती, धोका काय, एकट्यानं होतं की जोडीनं. जोर अंदाजानं लिहू नका. रात्रनिवाऱ्याचं वर-खाली होणारं दार असेल तर त्याच्या दोराला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि ओढताना किती किलो दाखवतो ते टिपा. शेजारच्या पिंजऱ्याचं तेवढ्याच मापाचं दार निम्म्या जोरात उघडतं असं दिसलं, तर दुरुस्तीच्या यादीतली पहिली ओळ तिथेच मिळाली.

३. आता कुठलं काम कोणाच्या वाट्याला जातं ते पाहा. मांस तोडणं, गटार मोकळं करणं, मेलेलं जनावर उचलणं ही कामं नेहमी त्याच दोन-तीन घरांतली माणसं करतात का? आणि माकडांना फळं देणं, हत्तीला आंघोळ घालणं, पाहुण्यांना माहिती सांगणं नेहमी दुसऱ्यांकडे? यासाठी कोणाला जात विचारायची गरज नाही. तीन महिन्यांचे ड्यूटीचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवले की चित्र आपोआप दिसतं.

४. सफाई कामगारांची वारसहक्काची भरती वेगळी तपासा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महापालिकांत सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क आहे, त्याला हात लावायचा नाही. तपासायचं ते पुढचं: वडिलांच्या जागी आलेली मुलगी पदवीधर असेल तर प्राणीरक्षक किंवा पर्यवेक्षक पदापर्यंत जाणारी वाट सेवाप्रवेश नियमांत आहे का? नसेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव आत्ताच पाठवा. या कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

सावध: माहिती गोळा करताना सगळ्यांना ओळीत उभं करून "कोणाला काही अपंगत्व आहे का" असं विचारू नका. उत्तर 'नाही' येणार, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो उद्यापासून ते आणखी लपवणार.

तपासा: रविवारी सकाळी आठ वाजता वाघाच्या निवाऱ्यात कोण असतं हे तुमच्या नव्या यादीवरून सांगता येतं का? येत नसेल तर यादी अपुरी आहे.

## टप्पा २: कामातला अनावश्यक जोर काढून टाका

"हे बायकांचं काम नाही" या वाक्यामागे बहुतेक वेळा गंजलेली कप्पी असते. प्राणी सांभाळायला ताकद लागते हा समज सांभाळून ठेवण्यात जुन्या माणसांचा थोडा मानही गुंतलेला असतो, म्हणून हा टप्पा चर्चेनं नाही, दुरुस्तीनं पार पाडा.

दारं. प्रतिभार (दाराचं ओझं तोलणारं उलट्या बाजूचं वजन), तारदोर, कप्पी आणि खाचा या क्रमानं पाहा. खाचेत साचलेली माती आणि विष्ठा हे दार जड होण्याचं सगळ्यात साधं कारण. प्रतिभार नसेल तर बसवून घ्या. फिरत्या हँडलची चरखी बसवली तर आणखी बरं. दार वरच्या स्थितीत अडकवण्याची खूण आणि खीळ दोन्ही हवेत, म्हणजे एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं कुलूप लावण्याची कसरत थांबते. हा बदल झाला की पन्नाशीच्या पुढचे पुरुष कर्मचारी सगळ्यात आधी आभार मानतात, कारण खांदा त्यांचाच दुखत असतो.

पोती आणि वैरण. ५० किलोचं पोतं ही पुरवठादाराची सोय आहे, तुमची नाही. निविदेच्या अटींत २५ किलो किंवा त्याहून लहान बांधणी लिहा. चाकांची गाडी घ्या, पण आधी कोठारापासून पिंजऱ्यापर्यंतचा रस्ता पाहा. मधे दोन पायऱ्या असतील तर गाडी महिनाभरात कोपऱ्यात जाते. तिथे उतार करा. तोच उतार पुढे कुबडी किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

कुलपं आणि किल्ल्या. लाल किल्ली आत, हिरवी किल्ली बाहेर, अशी रंगांची पद्धत अनेक ठिकाणी असते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, तुमच्याकडे आत्ताही असू शकतात. रंगाबरोबर आकार द्या: एकीला गोल पत्री, दुसरीला चौकोनी. अंधाऱ्या गाळ्यात चाचपूनही कळतं.

मत्स्यालय असेल तर. तिथे जोर वेगळ्या ठिकाणी लागतो. समुद्री पाणी बनवायच्या मिठाच्या पिशव्या, टाकीच्या वरून खाद्य टाकायची उभी शिडी, मागच्या बाजूची अरुंद आणि कायम ओली बोळ. शिडीच्या जागी कठड्याची पायरी करा, पिशव्या वर न्यायला कप्पी लावा, जमिनीवर न घसरणारा थर द्या. ओल्या जागेतली वीज गळती झाल्यावर लगेच तुटते का ते तपासा. हे कोणा एका गटासाठी नाही, पण ज्याचा तोल थोडा कमी आहे त्याला कामावर टिकवतं. टाकीत उतरणारे गोताखोर असतील तर पोशाखाची लहान मापं आधी मागवा. ढगळ पोशाखात पाणी शिरतं आणि मग "मुलींना थंडी सोसत नाही" अशी बोलणी सुरू होतात.

तपासा: पहिल्या टप्प्यातली यादी पुन्हा काढा. 'जड' असा शेरा असलेली किती कामं खरोखर जड राहिली? जी राहिली ती जोडीनं करायची म्हणून लिहा. प्रत्येकानं एकट्यानं करून दाखवायचं, असा नियम कुठल्याही कामाला लावू नका.

## टप्पा ३: शौचालय, कपडे बदलायची खोली, मापाचे कपडे

छोटा टप्पा आहे, पण लोक नोकरी सोडतात त्यातले निम्मे वाद इथे सुरू होतात, असं माझं मत.

१. प्रत्येक विभागापासून जवळच्या शौचालयापर्यंत चालत जाऊन वेळ मोजा. हिंस्र प्राण्यांचा विभाग बहुधा एका टोकाला असतो आणि शौचालय प्रवेशद्वाराशी.

२. हीच फेरी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पुन्हा मारा. प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांना बंद असतं तेव्हा प्रेक्षकांची शौचालयंही कुलूपबंद होतात. प्राण्यांना सुट्टी नसते, कर्मचारी कामावर असतात. त्या दिवशी बायका पाणी न पिता काम करतात आणि कोणाला कळतही नाही.

३. खोलीला आतून कडी, खुंट्या, झाकणाची कचरापेटी, पाणी आणि उजेड. आंघोळीची सोय ही चैन समजू नका: प्राण्यांकडून घरी आणि घराकडून प्राण्यांकडे रोग जाऊ नयेत म्हणून ती लागतेच.

४. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या चौकटीतले २००९चे नियम दिव्यांग प्रेक्षकांना, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांनाही, प्रवेश देण्याची सोय सांगतात. प्रेक्षकांसाठी केलेला उतार कर्मचाऱ्यांच्या दारापर्यंत नेलात तर वेगळा खर्च फारसा येत नाही. नवं बांधकाम असेल तर ते मंजूर आराखड्यात बसतं का ते आधी पाहा.

५. गमबूट ४, ५ आणि ६ नंबरचेही मागवा. दोन नंबर मोठा बूट ओल्या फरशीवर घसरतो. हातमोजे आणि मुखपट्टीचंही तेच. चेहऱ्याला न बसणारी मुखपट्टी लावली काय, न लावली काय. गणवेश शर्ट-पँट असावा, पण लांबी आणि डोक्यावरच्या वस्त्राबाबत जागा ठेवा. अट एकच: काही लोंबतं राहून दारात किंवा जाळीत अडकू नये.

६. तृतीयपंथी कर्मचारी आले तर त्यांना कुठली खोली द्यायची यावर सभा भरवू नका. आतून कडी लागणारी एक सुटी खोली सगळ्यांसाठी खुली ठेवा, प्रश्न संपला.

७. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय कायद्यानं द्यावी लागते. मोजताना ठेकेदाराची माणसं वगळून आकडा ४८ वर आणायची युक्ती करू नका.

## टप्पा ४: धोक्याची सूचना प्रत्येकाला पोचते का?

प्राणी पिंजऱ्याबाहेर आला तर काय करायचं याचा सराव बहुतेक ठिकाणी शिट्टी आणि वॉकीटॉकीवर चालतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी हा सराव झालेलाच नसतो.

- आवाजाच्या सूचनेबरोबर लुकलुकणारा दिवा बसवा, विशेषतः क्वारंटाईन आणि रात्रनिवाऱ्यांत. थरथरणारं छोटं यंत्र किंवा मोबाइलची थरथर दुसरा उपाय. तिसरा म्हणजे जोडीदार: नाव ठरलेलं हवं, "जो जवळ असेल तो" चालत नाही.
- हातांच्या सहा खुणा ठरवा: थांब, मागे हो, दार बंद, प्राणी बाहेर, माणूस जखमी, सगळं ठीक. त्या सगळ्यांनी शिकायच्या. पाण्याच्या पाइपाच्या आवाजात ऐकू येणारालाही त्याच लागतात.
- रसायनांवर चित्रं लावा. ब्लीच आणि शौचालयाचं अ‍ॅसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू होतो. बाटलीवरचं इंग्रजी वाचता न आल्यानं हे घडू शकतं. प्रमाण 'इतके मिली' असं न लिहिता मापाच्या डब्यावर रेघ मारा.
- दैनंदिन अहवाल मराठीत घ्या, आणि लिहिता न येणाऱ्याचा अहवाल बोलून घ्या. पाच प्रश्न ठरवा: खाल्लं किती, उरलं किती, विष्ठा कशी, चाल कशी, वेगळं काय दिसलं. पर्यवेक्षकानं लिहून घ्यायचं आणि सांगणाऱ्याचं नाव टाकायचं. नाव टाकलं नाही तर वीस वर्षांचं ज्ञान पर्यवेक्षकाच्या खात्यावर जमा होतं.

तपासा: सराव घ्या आणि एका कर्मचाऱ्याला कानात बोळे घालून उभं करा. सूचना त्याच्यापर्यंत किती वेळात पोचली?

## टप्पा ५: तक्रार कुठे करायची ते आधी ठरवा

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सांगतो. "मुख्यालयात समिती आहे" हे उत्तर पुरत नाही. कार्यालयं वेगवेगळ्या जागी असतील तर प्रत्येक जागी समिती हवी, आणि प्राणिसंग्रहालय ही वेगळी जागाच आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, एक सदस्य बाहेरचा. रोजंदार, ठेक्यावरचे, प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक हे सगळे या कायद्यात येतात. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन.

फलक फक्त कार्यालयात लावू नका. आहारकक्षात, कपडे बदलायच्या खोलीत आणि ठेकेदाराच्या माणसांच्या विश्रांतीच्या जागी लावा, मराठीत आणि हिंदीत. आणि एक पाहणी करा: दोघंच माणसं दिवसभर एकत्र असतात अशा जागा कुठल्या? क्वारंटाईन आणि निवाऱ्यामागची बोळ. तिथली जोडी बदलती ठेवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खाली सरकारी आस्थापनेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. दोन्ही कागद तयार आहेत का ते पाहा. जातीवरून बोललेल्या शब्दांची तक्रार कोण घेणार, हेही त्याच फलकावर लिहा.

## टप्पा ६: आता जाहिरात

पहिले पाच टप्पे कागदावर नाही, जागेवर झाले असतील तरच पुढे या.

बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कोणत्या प्रवर्गासाठी ते ठरवणारा तक्ता, तपासून घ्या आणि समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) नीट मांडा: राज्यात महिलांना ३० टक्के, दिव्यांगांना ४ टक्के, अनाथांना १ टक्का. दिव्यांगांचे ४ टक्के चार गटांत विभागलेले असतात. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, हालचालीचं अपंगत्व (त्यात कुष्ठरोगमुक्त आणि अ‍ॅसिडहल्ला झालेलेही येतात), आणि चौथ्यात स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार वगैरे. "प्राणीरक्षक हे पद दिव्यांगांना योग्य नाही" असं तुम्ही स्वतः ठरवून मोकळे होऊ शकत नाही. पद वगळायची सूट शासन देतं, अधिसूचनेनं.

इथे पहिल्या टप्प्यातली यादी कामाला येते. कर्णबधिर माणूस पक्षी विभागात, आहारकक्षात, सरपटणाऱ्या प्राण्यांकडे नियम पाळून उत्तम काम करू शकतो. एका हातानं काम करणारा माणूस वाघाच्या दारावर नको, पण प्राण्यांचं निरीक्षण, उष्मायन पेटीची नोंद, मत्स्यालयातली पाण्याची चाचणी यात त्याला काय अडचण?

जाहिरातीतून काढायची वाक्यं: "शारीरिकदृष्ट्या सुदृढ", "केवळ पुरुष", "रात्री-अपरात्री येण्याची तयारी असणारा". त्याऐवजी काम लिहा: "२५ किलोपर्यंतचं वजन गाडीवर चढवणं", "महिन्यात अमुक रात्री ड्यूटी, घरी सोडायची गाडी आहे".

जाहिरात कुठे लावता त्यावर कोण येणार ते ठरतं. संकेतस्थळ आणि इंग्रजी पेपर यांतून एकाच प्रकारचे अर्ज येतात. आश्रमशाळा, आयटीआय, पशुसंवर्धनाची पदविका देणाऱ्या संस्था, दिव्यांगांच्या शाळा, आजूबाजूच्या ग्रामपंचायती आणि तुमच्याच ठेकेदाराची माणसं जेवायला बसतात ती भिंत, या जागा सोडू नका.

सावध: सहा महिने फुकट काम केलेल्याला भरतीत पसंती देऊ नका. बिनपगारी इंटर्नशिप ज्याच्या घरचे पोसू शकतात त्यालाच परवडते. प्रशिक्षणार्थीला विद्यावेतन देता येत नसेल तर कालावधी छोटा करा आणि अनुभवाचे गुण देऊ नका.

## टप्पा ७: निवड कशी करायची

मुलाखतीत "घाबरत नाही ना?" असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. ज्याला अजिबात भीती वाटत नाही तो उमेदवार मला तरी वाघापाशी नको.

१. वीस मिनिटांचं निरीक्षण द्या. सांबर किंवा नीलगायीच्या कुंपणाबाहेर उमेदवाराला बसवा आणि काय दिसलं ते लिहायला किंवा बोलून सांगायला सांगा. एकजण लिहितो, "प्राणी शांत व सुंदर होते." दुसरी सांगते, "सगळी बसून रवंथ करतात, कडेची एक करत नाही, मान खाली टाकून बसलीय, आणि तिच्या अंगावरच माशा जास्त आहेत." दुसरीला काय विचारायचं राहिलं? अशी नजर बऱ्याचदा शेळ्या-मेंढ्या राखलेल्या घरातून येते, जिथे पदवी नसते.

२. प्रत्यक्ष काम द्या, पण प्रत्यक्ष लागणारंच. मैदानात पोतं घेऊन पळायला लावू नका. गाडी भरून पिंजऱ्यापर्यंत न्यायला सांगा. कुलपं योग्य क्रमानं लावणं ही सगळ्यात उपयोगी परीक्षा. आधी दाखवा, मग करायला सांगा, मधेच बोलून लक्ष विचलित करा आणि कुलूप ओढून बघतो का ते पाहा.

३. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक परीक्षकाचे गुण चर्चेआधी लिहिलेले. लग्न, मुलं, "सासरचे पाठवतील का" हे प्रश्न बंद.

४. कर्णबधिर उमेदवार असेल तर खुणांच्या भाषेचा दुभाषी आधीच ठरवा. बरोबर आलेल्या भावाला दुभाषी करू नका, तो उत्तरं सुधारून सांगतो.

सावध: उलट्या बाजूची चूकही होते. कातकरी आहे म्हणजे साप धरता येतोच, पारधी आहे म्हणजे पक्षी कळतातच, असं धरून विभाग देऊ नका. तमिळनाडूतल्या इरुळा समाजाची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८पासून विष काढण्याचं काम करते, ते शिस्तीनं आणि स्वतःच्या निवडीनं. त्यातून "आदिवासी आणि साप" असं समीकरण करायचं नाही. विषारी सापाकडे जाणारा प्रत्येकजण तेच प्रशिक्षण घेऊन जाईल.

## टप्पा ८: पहिले तीन महिने

इथे सगळं मोडतं, म्हणून थोडं सावकाश.

तिकीटखिडकीचा सापळा. नेमणूक प्राणीरक्षक म्हणून असेल तर पहिले तीन महिने प्राण्यांच्याच विभागात, लेखी. तात्पुरती बदलीसुद्धा क्युरेटरच्या सहीशिवाय नाही. "एकच दिवस बस गं तिकडे" हा एक दिवस कायमचा होतो.

फिरती. तृणभक्षक, पक्षी, सरपटणारे, माकडं आणि मग मोठी मांजरं, या क्रमानं प्रत्येकाला फिरवा. पुरुषाला थेट वाघाकडे आणि बाईला थेट हरणांच्या पिल्लांकडे, असं झालं तर पुढे पर्यवेक्षक निवडताना "तिला हिंस्र प्राण्यांचा अनुभव नाही" असं म्हणता येतं, आणि ते खरंही असतं. गीरमध्ये २००७पासून महिला वनरक्षक सिंहांच्या बचावकामात आहेत, तेव्हा जमतं की नाही हा प्रश्न उरलेला नाही.

मांस कोण तोडणार. म्हशीचं मांस येतं, ते तोडून वाघ-बिबट्यांना वाटायचं असतं. आडनाव पाहून ही ड्यूटी लागत असेल तर तक्ता फाडा. पाळी आळीपाळीनं लावा. कोणाला श्रद्धेमुळे नको असेल तर त्यानं स्वतः अर्ज करावा, आणि बदल्यात तेवढंच कष्टाचं दुसरं काम घ्यावं, उदाहरणार्थ गटार. बदल्यात काही नसेल तर सवलत घेणारे वाढतात आणि सुरा पुन्हा त्याच दोन हातांत जातो.

मासिक पाळीचा बहाणा. "रक्ताचा वास येतो, वाघ बिथरतो" असं सांगून बाईला महिन्यातले चार दिवस विभागाबाहेर ठेवलं जातं. ज्या माणसाच्या बुटांना रोज ताज्या मांसाचा वास असतो त्यालाही वाघ बघतोच आहे. सुरक्षा दारं, कुलपं आणि नियमांनी होते. त्रास होत असेल तर विश्रांती मागायचा हक्क तिचा, विभागाबाहेर काढायचा हक्क तुमचा नाही.

सोबती. नव्या माणसाला शिकवायला एक अनुभवी आणि तयार असलेला कर्मचारी द्या. ज्येष्ठता यादीतला पहिला नको. शिकवण्याचा भत्ता देता आला तर उत्तम, नाहीतर गोपनीय अहवालात नोंद तरी करा.

तपासा: दर महिन्याला दहा मिनिटं बोला, पर्यवेक्षकाला बाहेर ठेवून. "सगळं ठीक" यापुढे जायला एक प्रश्न: या महिन्यात कुठलं काम तुम्हाला करू दिलं नाही?

## टप्पा ९: गरोदरपण आणि आजार

हे नियम माणूस रुजू होण्याआधी लिहून ठेवा, म्हणजे ते एखाद्या बाईवर घेतलेला निर्णय वाटत नाहीत.

मांजरवर्गीय प्राण्यांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो आणि गर्भाला धोका असतो. त्याची बीजं विष्ठेत पडल्यापासून एक ते पाच दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, म्हणून रोजची सफाई हीच मोठी काळजी. पण गरोदर कर्मचारी ती सफाई करणार नाही. इथे नेहमीची चूक: तिला 'हलकं काम' म्हणून आहारकक्षात पाठवतात. कच्च्या मांसातूनही तोच रोग येतो. शिवाय शेळ्या-मेंढ्या आणि हरणांच्या विण्याच्या वेळचे स्राव, एक्स-रे, भुलीचा वायू, बेशुद्धीच्या बंदुकीतली औषधं, संप्रेरकांची इंजेक्शनं, सगळ्यांपासून ती दूर हवी. कॅमेऱ्यावरून निरीक्षण, नोंदी, आहाराचं नियोजन, शाळकरी मुलांचे कार्यक्रम ही कामं द्या, आणि परत आल्यावर तोच विभाग मिळेल हे लेखी द्या. नाहीतर ती पाचव्या महिन्यापर्यंत सांगणारच नाही, आणि खरा धोका तिथे आहे.

आरोग्यपत्रक फक्त बायकांचं नको. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारा पुरुष, मधुमेही, क्षयातून उठलेला, सगळ्यांना वेगळी काळजी लागते. पत्रक डॉक्टरकडे बंद पाकिटात. पर्यवेक्षकाला फक्त "हे काम देऊ नका" एवढंच कळावं, कारण नाही. धनुर्वात आणि रेबीजची लस ठेकेदाराच्या माणसांनाही द्या. माकड चावताना हजेरीपट बघत नाही.

## टप्पा १०: वर्षानंतरची मोजणी

किती जण घेतले हा आकडा सोडा. हे पाच मोजा:

१. नव्यानं आलेल्यांपैकी आज किती जण प्राण्यांच्याच विभागात आहेत.
२. मोठ्या मांजरांकडे किती जणांना फिरती मिळाली.
३. मांस आणि गटाराच्या पाळ्या किती जणांत वाटल्या गेल्या.
४. प्राधिकरणाच्या किंवा इतर प्रशिक्षणाला कोण गेलं. दरवर्षी तीच दोन नावं असतील तर यादी कोण बनवतो ते पाहा.
५. ठेक्यावरच्या किती जणांना पुढच्या भरतीत अर्ज करता आला, आणि वयाच्या अटीत किती अडकले.

सोडून गेलेल्याशी महिन्याभरानं बोला. शेवटच्या दिवशी नको. त्या दिवशी सगळे घरगुती कारण सांगतात, कारण थकलेला पगार आणि अनुभवाचा दाखला तुमच्या हातात असतो. दोन्ही देऊन टाका, मग फोन करा. बोलणं त्यांच्या पर्यवेक्षकानं करायचं नाही. आणि जे कळेल ते टप्पा १ च्या यादीत, त्या-त्या कामासमोर लिहा, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात नेमकं कुठलं दार, कुठली खोली आणि कुठला तक्ता बदलायचा ते ठरवता येईल.